वनमानुषाचे घर आणि आपला शेजारधर्म

(हिमायतनगर येथे प्राथमिक शिक्षकांच्या परिषदेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



परिसर अभ्यास या विषयाच्या अध्यापनासंबंधी या परिषदेत चार शब्द बोलावेत, अशी आज्ञा मला झाली आहे. त्यासाठी मी जो विषय निवडला आहे, तो प्रथमदर्शनी फार दूरचा वाटेल. ओरांगउटान नावाच्या एका प्राण्याविषयी आणि तो ज्या अरण्यात राहतो त्या अरण्याविषयी मी बोलणार आहे. हा प्राणी आपल्या तालुक्यात नाही, महाराष्ट्रात नाही, भारतातही नाही. मग त्याचे आपल्याला काय, असा प्रश्न आपल्या मनात आला तर तो अगदी रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटपर्यंत राखून ठेवणार नाही. हा प्राणी ज्या कारणांनी नाहीसा होत आहे, त्यांतील एक कारण आपल्या स्वयंपाकघरात आहे आणि दुसरे कारण आपल्या शेताच्या बांधावर आहे. म्हणूनच हा विषय शिक्षकांपुढे मांडण्यासारखा आहे, असे मी मानतो.

प्रथम नावापासून आरंभ करू. मलय भाषेत ‘ओरांग’ म्हणजे माणूस आणि ‘हुतान’ म्हणजे अरण्य. ओरांगउटान म्हणजे अरण्यातला माणूस. आपल्या मराठीत वनमानुष हा जो शब्द आहे, त्याचा अर्थ अक्षरशः हाच. समुद्रापलीकडच्या लोकांनी या प्राण्याकडे पाहून जे म्हटले, तेच आपल्या पूर्वजांनी आपल्या भाषेत म्हटले. आणि ‘वानर’ या शब्दाची ‘वा नर’, म्हणजे ‘हा माणूस तर नव्हे?’ अशी फोड आपल्याकडे वडीलमंडळी करीत आली आहेत. व्याकरणदृष्ट्या ती फोड खरी असो वा नसो, तिच्यामागचे कुतूहल खरे आहे. त्याला शास्त्राचाही आधार आहे. शिवालिक टेकड्यांत लक्षावधी वर्षांपूर्वीच्या एका कपीचे अवशेष सापडले, त्याला शास्त्रज्ञांनी शिवापिथेकस असे नाव दिले. त्याच्या चेहऱ्याची ठेवण आजच्या ओरांगउटानशी फार मिळती आहे. तेव्हा या प्राण्याशी आपल्या भूमीचा अगदीच संबंध नाही, असे म्हणता येत नाही.

आज ओरांगउटान केवळ दोन बेटांवर उरला आहे. एक सुमात्रा व दुसरे बोर्निओ. सुमात्रा हे इंडोनेशियात आहे, तर बोर्निओ इंडोनेशिया, मलेशिया व ब्रुनेई या तीन देशांत विभागलेले आहे. जगाच्या नकाशात विषुववृत्ताची रेषा या दोन्ही बेटांमधून गेलेली दिसेल. तेथे वर्षभर पाऊस पडतो आणि अरण्य सदैव हिरवे असते. आपल्या पैनगंगेच्या खोऱ्यातील सागाचे रान उन्हाळ्यात पाने गाळून उघडे पडते. तेथील रान कधीच उघडे पडत नाही. झाडाला झाड लागलेले असते आणि शेंड्यांचे जणू एक दुसरे जमीनपटल उंचावर तयार झालेले असते. ओरांगउटान त्या वरच्या जमिनीवर राहतो. झाडांवर वास्तव्य करणाऱ्या प्राण्यांत तो जगातील सर्वांत मोठा होय. अंगावर तांबूस लांब केस, पायांहून कितीतरी लांब हात, आणि प्रौढ नराच्या दोन्ही गालांवर रुंद मांसल पाळ्या. रोज सायंकाळी तो फांद्या वाकवून पानांचे नवे अंथरूण तयार करतो आणि पाऊस आला तर मोठे पान डोक्यावर धरतो.

त्याच्या बुद्धीचे एकच उदाहरण सांगतो. २०२२ साली सुमात्रातील एका नराच्या चेहऱ्यावर जखम झाली. त्याने एका औषधी वेलीची पाने चावली आणि तो रस व चोथा जखमेवर पुन्हा पुन्हा लावला. स्थानिक लोकही ही वेल औषध म्हणून वापरतात. संशोधकांनी या निरीक्षणाचा वृत्तान्त २०२४ साली प्रसिद्ध केला. जखम भरून आली. झाडपाल्याचे औषध लावणारी आजी ज्या मुलाने घरी पाहिली आहे, त्याला ही गोष्ट सांगून पाहा. या प्राण्याविषयी वेगळे कौतुक निर्माण करण्याची गरजच उरणार नाही.

आता गणिताच्या तासाला उपयोगी पडेल अशी एक गोष्ट. ओरांगउटानच्या मादीला पहिले पिल्लू साधारण पंधराव्या वर्षाच्या सुमारास होते. एका वेळी बहुधा एकच पिल्लू. ते सहा ते आठ वर्षे आईजवळ राहते. कोणते फळ केव्हा पिकते, कोणते खावे, अंथरूण कसे करावे, हे सारे तिच्याकडून शिकते. मग पुढचे पिल्लू सात-आठ वर्षांनी. पंचेचाळीस वर्षे जगलेल्या मादीला किती पिल्ले होतील, हा हिशेब चौथीचा विद्यार्थी करू शकेल. उत्तर चार किंवा पाच येते. त्यांतील सर्वच जगत नाहीत. आपल्या गोठ्यातील शेळी दोन वर्षांत जेवढी करडे देते, तेवढी पिल्ले ही माता साऱ्या आयुष्यात देते. याचा अर्थ असा की, एक मादी मारली गेली तर ती उणीव भरून निघण्यास एक पिढी लागते. आणि पिल्लू पकडून विकण्यासाठी प्रथम आईलाच मारावे लागते, कारण ती जिवंत असेतो पिल्लाला सोडत नाही.

१९७१ साली बिरुते गाल्डिकास ही तरुण विदुषी बोर्निओच्या तांजुंग पुटिंग या दलदलीच्या अरण्यात अभ्यासासाठी जाऊन राहिली. तिने व तिच्या मागून आलेल्या संशोधकांनी वर्षानुवर्षे केलेल्या निरीक्षणांतूनच ही माहिती जगाला झाली. पुढे २०१७ साली सुमात्रातील तापानुली भागात राहणारा ओरांगउटान ही एक वेगळीच जात असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. म्हणजे आता तीन जाती झाल्या: बोर्निओची, सुमात्राची व तापानुलीची. तिसऱ्या जातीचे प्राणी आठशेहूनही कमी आहेत. ज्या वर्षी तिला नाव मिळाले, त्याच वर्षी तिची गणना अतिसंकटग्रस्त प्राण्यांत करावी लागली. तिन्ही जाती आज त्याच यादीत आहेत.

हे संकट कसे आले, ते पाहू. प्रथम इमारती लाकडासाठी मोठी झाडे तोडली गेली. त्यानंतर अग्नी आला. बोर्निओ व सुमात्रा येथील पुष्कळशा सखल जमिनी म्हणजे हजारो वर्षे साचलेल्या अर्धवट कुजलेल्या पालापाचोळ्याचे जाड थर आहेत. त्यांना पीट म्हणतात. त्या पाण्याने भिजलेल्या असतात तोवर त्यांना आग लागत नाही. परंतु लागवडीसाठी चर खणून पाणी काढून दिले की त्या वाळलेल्या गोवरीसारख्या पेटतात आणि जमिनीच्या पोटात आठवडेच्या आठवडे धुमसत राहतात. १९९७ साली आणि पुन्हा २०१५ साली पाऊस लांबला तेव्हा तेथे प्रचंड वणवे लागले. २०१५ मध्ये एकट्या इंडोनेशियात पंचवीस लाख हेक्टरांहून अधिक जमीन जळाली आणि तिचा धूर शेजारच्या देशांपर्यंत पोहोचून तेथील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

आणि तिसरे कारण म्हणजे पामतेल. मूळच्या आफ्रिकेतील एका ताडवृक्षाच्या फळांपासून हे तेल निघते. जगातील पामतेलाच्या पाच भागांपैकी चारांहून अधिक भाग इंडोनेशिया व मलेशिया हे दोनच देश पिकवितात, आणि ते विकत घेणाऱ्या देशांत भारताचा क्रमांक पहिला आहे. मिठाई, फरसाण, बिस्किटे, साबण, उपाहारगृहातील तळण या साऱ्यांत ते असते. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शिधापत्रिकाधारक कुटुंबांना शंभर रुपयांत जो ‘आनंदाचा शिधा’ दिला, त्यात रवा, चणाडाळ, साखर आणि एक लिटर पामतेल होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना स्मरत असेल. ज्या घरात त्या तेलात करंजी तळली गेली, त्या घराने काही पाप केले असे मी मुळीच म्हणत नाही. सणाच्या दिवशी गरिबाच्या कढईत तेल असणे ही आनंदाचीच गोष्ट आहे. परंतु ते तेल कोठून आले, हा प्रश्न त्या घरातील मुलाला पडावा, एवढी अपेक्षा शिक्षणाकडून करता येईल.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. पामतेल वाईट, ते खाऊ नका, असा सोपा उपदेश आपण वर्गात करू नये, कारण तो अर्धसत्य आहे. एक हेक्टर जमिनीतून पामतेल साधारण साडेतीन टन निघते. सोयाबीन, भुईमूग वा सूर्यफूल यांचे तेल तेवढ्याच जमिनीतून एक टनापेक्षाही कमी निघते. उद्या साऱ्या जगाने पामतेल सोडले आणि तितकेच दुसरे तेल मागितले, तर कितीतरी अधिक जमीन नांगराखाली आणावी लागेल आणि ती दुसऱ्या कोणत्या तरी अरण्यातून काढली जाईल. दोष त्या झाडाचा नाही. उभे अरण्य तोडून अथवा जाळून त्या जागी ते लावणे, हा दोष आहे. पडीक जमिनीवर लावलेली तीच बाग निरुपद्रवी ठरू शकते. अरण्य न तोडता पिकविलेल्या पामतेलाला प्रमाणपत्र देणारी एक आंतरराष्ट्रीय संस्था २००४ साली स्थापन झाली आहे. तिच्या कामात उणिवा दाखविल्या जातात, तरी मार्ग त्या दिशेनेच आहे.

याच संदर्भात आपल्या मराठवाड्याने एक गोष्ट आठवावी. ज्वारीच्या शेताच्या कडेने करडईच्या ओळी पेरण्याची आपली जुनी रीत होती. करडईचे काटे गुरांना अडवीत आणि तिचे बी घाण्यावर जाऊन घरचे तेल होई. परभणीच्या कृषी विद्यापीठाने करडईचे सुधारित वाणही तयार केले. आज करडईच्या ओळी फार थोड्या बांधांवर दिसतात. घरचे तेल कमी झाले की बाहेरचे तेल येते आणि बाहेरच्या तेलाचे अरण्य आपल्या डोळ्यांआड असते. करडई पेरल्याने बोर्निओचे अरण्य एकदम वाचेल, असे मी म्हणणार नाही. परंतु ज्या मुलाला आपल्या आजोबांचे तेल कोणत्या रोपापासून निघत होते हे ठाऊक आहे, तोच बाजारातील पिशवीवरचे अक्षर वाचण्याची उत्सुकता दाखवील.

आता मी मुख्य मुद्द्याकडे वळतो. २०१८ साली बोर्निओसंबंधी एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९९ ते २०१५ या सोळा वर्षांत त्या बेटावरील एक लाखाहून अधिक ओरांगउटान नष्ट झाले, असा त्याचा निष्कर्ष होता. आकडा भयंकर आहे. पण त्यातून निघालेली दुसरी गोष्ट अधिक विचार करण्यासारखी आहे. जेथे अरण्य तोडले, तेथे ते वेगाने नाहीसे झाले, हे उघडच आहे. परंतु संख्येने सर्वांत अधिक प्राणी नाहीसे झाले ते अरण्य उभे असलेल्या भागांतून. झाडे होती, फळे होती, तरी प्राणी उरले नाहीत. कारण ते मारले गेले होते. काही शिकारीसाठी मारले गेले, तर काही शेतात शिरून फळे व कोवळे कोंब खातात म्हणून.

या एका निष्कर्षातून वन्य प्राण्याच्या रक्षणाचे सारे तत्त्व निघते. त्याला जगण्यासाठी दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे जागा, आणि दुसरी म्हणजे त्या जागेला लागून राहणाऱ्या माणसाची संमती. जागेचे रक्षण कायदा करू शकतो. वनविभाग, न्यायालय, अभयारण्य यांची व्यवस्था त्यासाठीच आहे. संमती मात्र कायद्याने मिळत नाही. ती गावात निर्माण व्हावी लागते. आपल्या भाषेत या संमतीला एक सुंदर शब्द आहे, तो म्हणजे शेजारधर्म. आणि शेजारधर्म शिकविण्याचे स्थान शाळा हेच आहे.

हा प्रश्न केवळ परदेशाचा नाही. भारतात मानवसदृश बिनशेपटीचे कपी एकाच ठिकाणी उरले आहेत, ते म्हणजे ईशान्येकडील हुलॉक. आसामात जोरहाट जिल्ह्यात हुलॉकसाठी राखलेले होलोंगापार नावाचे छोटेसे अभयारण्य आहे. त्याचे क्षेत्र सुमारे एकवीस चौरस किलोमीटर. चारी बाजूंनी चहाचे मळे, आणि मधून रेल्वेचा मार्ग गेलेला. आपल्याला वाटेल, रेल्वेच्या एका रुळाने काय होते? परंतु हुलॉक सहसा जमिनीवर उतरत नाही; तो फांदीवरून फांदीवर झोके घेत जातो. रुळांमुळे फांद्यांची साखळी तुटली की अलीकडचे कुटुंब अलीकडे आणि पलीकडचे पलीकडे. नकाशावर एक अरण्य दिसते, प्रत्यक्षात दोन होतात. २०२१ साली केंद्र शासनाने देशातच पामतेल पिकविण्याचे राष्ट्रीय अभियान हाती घेतले आणि त्यात ईशान्य भारतावर विशेष भर दिला. परदेशी तेलावरचे अवलंबन कमी व्हावे हा हेतू योग्यच आहे. परंतु ती लागवड अरण्यावर न होता शेतजमिनीवर व्हावी, हे पाहणे तितकेच आवश्यक आहे. नाहीतर बोर्निओची चूक आपण आपल्याच अंगणात करू.

आता आपण आपल्या पैनगंगेच्या काठी येऊ. मराठवाड्याच्या वाट्याला अरण्य फार थोडे आले आहे. जे आहे, त्यातील पुष्कळसे आपल्या नांदेड जिल्ह्यात, किनवट-माहूरच्या डोंगरात आहे. पैनगंगेच्या पलीकडे उमरखेडच्या बाजूस पैनगंगा अभयारण्य आहे. साग, धावडा, मोह, तेंदू, पळस यांचे हे रान. त्यात ओरांगउटान नाही. पण काळ्या तोंडाचे, रुपेरी अंगाचे, लांब शेपटीचे वानर आहे. तेच आपले वनमानुष. वानर झाडावर बसून कोवळी पाने व फळे खाते, आणि खाताना अर्धे खाली टाकते. ते चितळ वेचतात. वाघ अथवा बिबट्या दिसला की ते उंचावरून इशारा देते आणि खालची हरणे सावध होतात. वानरांच्या टोळीचे जीवन किती गुंतागुंतीचे असते, हे व्यंकटेश माडगूळकरांनी ‘सत्तांतर’ या आपल्या कादंबरीत दाखविले आहे. १९८२ साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढील वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेल्या या छोट्या पुस्तकात वानर हेच पात्र आहे. शाळेच्या ग्रंथपेटीत ते नसेल तर अवश्य मागवावे.

दुरून डोंगर साजरे, अशी आपली म्हण आहे. बोर्निओच्या ओरांगउटानविषयी आपल्याला करुणा वाटते, कारण तो आपल्या तुरीत शिरत नाही. वानर मात्र शिरते. सागाची पाने गळतात, नाले आटतात, रानात खाण्यासारखे थोडे उरते. मग टोळी गावाकडे वळते. ती हरभऱ्याचे घाटे खाते, तुरीच्या शेंगा ओरबाडते, कौले फोडते. वर्षाचे कष्ट एका सकाळी वाया गेलेल्या शेतकऱ्यापुढे जाऊन आपण ‘वानर हा रामाचा सेवक आहे’ असे सांगू लागलो, तर ते त्याच्या दुःखाची थट्टा केल्यासारखे होईल. शेजारधर्म दोन्ही बाजूंनी असावा लागतो. शेतकऱ्याचे नुकसान मान्य केल्याखेरीज त्याच्याकडून संमतीची अपेक्षा करता येणार नाही. बोर्निओतील शेतकऱ्यानेही बंदूक उचलली ती बहुधा द्वेषाने नव्हे. त्याचे नुकसान ऐकून घेणारे कोणी नव्हते म्हणून.

आपल्याकडे निदान या बाबतीत व्यवस्था आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वानराला संरक्षण दिले आहे, आणि दुसऱ्या बाजूस रानडुक्कर, रोही, हरिण, माकड इत्यादी प्राण्यांनी पिकाची नासाडी केल्यास नुकसानभरपाई देण्याची तरतूद राज्य शासनाने केली आहे. मात्र तिच्यासाठी नुकसान होताच वनविभागाकडे अर्ज करावा लागतो व पंचनामा व्हावा लागतो. पुष्कळ शेतकऱ्यांना हे ठाऊक नसते. ठाऊक असले तर अर्ज लिहिता येत नाही. लिहिता आला तर तोवर मुदत टळलेली असते. येथे शिक्षक काय करू शकतो, हे मला निराळे सांगावयास नको. मराठीच्या तासाला अर्जलेखन येतेच. पाठ शिकविताना कल्पित अर्जाऐवजी हा अर्ज लिहून घ्यावा. विद्यार्थ्याने लिहिलेला तो कागद एखादे दिवशी त्याच्या घरी खरोखर उपयोगी पडेल.

आता आपल्या मराठवाड्यातीलच एक उदाहरण सांगतो. धाराशिव जिल्ह्यात उपळा नावाचे गाव आहे. तेथील जमिनीच्या नोंदींत बत्तीस एकर जमीन गावात राहणाऱ्या वानरांच्या नावे लावलेली आहे. २०२२ साली ही बातमी वृत्तपत्रांत आली तेव्हा लोकांना मोठे नवल वाटले. ही नोंद कोणी केली, केव्हा केली, हे गावकऱ्यांनाही सांगता आले नाही. पूर्वी गावात लग्नकार्य निघाले की वानरांना आधी मान देण्यात येई. पुढे ही रीत मागे पडत गेली आणि वानरांची संख्याही घटली. त्या सुमारास ती शंभराच्या घरात होती. त्या जमिनीवर वनविभागाने झाडे लावली आहेत.

या उदाहरणातील मर्म नीट पाहावे. ज्या कोणी पूर्वजाने ती नोंद केली, त्याला खरी गरज कळली होती. त्याने वानरांना खाऊ दिला नाही, जागा दिली. आज आपण नेमके उलट करतो. देवळापुढे, घाटात, सहलीच्या ठिकाणी त्यांना केळी, बिस्किटे, फुटाणे देतो आणि धर्म केला असे समजतो. त्यामुळे वानराची भीड चेपते, ते मुलांच्या हातातील पिशवी ओढू लागते, आणि ज्याला काल केळे दिले त्यालाच आपण उद्या दगड मारतो. खाऊ दिल्याने दात्याला समाधान मिळते, वानराला मात्र त्याने काहीच साधत नाही. त्याला हवे असते ते उन्हाळ्यात फळणारे उंबराचे, पिंपळाचे, वडाचे, चिंचेचे झाड. आणि ते गावापासून दूर, रानाच्या कडेला असावे लागते.

बंधुभगिनींनो, आपल्यावर कामाचा भार आधीच पुष्कळ आहे, याची मला जाणीव आहे. दोन शिक्षकी शाळेत चार वर्ग सांभाळून, शालेय पोषण आहाराच्या नोंदी ठेवून, निरनिराळ्या माहितीची प्रपत्रे भरून हाती किती वेळ उरतो, हे आपण जाणताच. म्हणून नवा उपक्रम आपल्या माथी न मारता, चालू पाठांतच बसतील अशा काही गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट नकाशाची. भूगोलाच्या पाठात विषुववृत्त आले की त्या रेषेवर सुमात्रा व बोर्निओ दाखवावेत आणि तेथील सदाहरित अरण्य व आपले पानगळीचे अरण्य यांतील भेद मुलांकडूनच काढून घ्यावा. ज्याने उन्हाळ्यातला उघडा सागवान पाहिला आहे, त्याला हा भेद एका वाक्यात समजेल.

दुसरी गोष्ट तेलाची. प्रत्येक विद्यार्थ्याने घरातील तेलाच्या पिशवीवरचे व बिस्किटाच्या पुड्यावरचे घटक वाचून यावेत. पामतेल किंवा पामोलिन हा शब्द किती घरांत सापडतो, याची फळ्यावर नोंद करावी. निष्कर्ष आपण सांगू नये. आकडे पाहून मुले स्वतः प्रश्न विचारतील. कोणाच्याही घरी काय खातात यावरून त्याला कमीपणा येणार नाही, एवढी दक्षता मात्र घ्यावी.

तिसरी गोष्ट झाडांची. गावाच्या शिवारात वानरांच्या उपयोगाची किती झाडे उभी आहेत, ती कोणत्या महिन्यात फळतात, याची यादी मुलांनी करावी. वृद्ध माणसांना विचारून पूर्वी कोठे कोणती झाडे होती, हेही लिहावे. वृक्षारोपणाच्या दिवशी शोभेची रोपे लावण्याऐवजी या यादीतील झाडे रानाच्या बाजूस, ग्रामपंचायतीच्या संमतीने लावावीत.

चौथी गोष्ट अग्नीची. मोहफुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाला पेटवून देण्याची रीत अरण्यालगतच्या भागांत आढळते. पाला जळतो, पण ठिणगी रानात जाते. मोह हा कित्येक कुटुंबांचा आधार आहे. तो वेचू नये असे कोणी म्हणणार नाही. पाला झाडून बाजूला केला किंवा झाडाखाली कापड अंथरले तरी काम होते. २०१५ सालच्या इंडोनेशियातील वणव्याची गोष्ट सांगताना आपल्या डोंगरावरच्या वणव्याचाही उल्लेख व्हावा. या विषयी मुलेच आईबापांना सांगू शकतील, आणि ज्या घरची उपजीविका मोहावर आहे त्या घरचे मूल या पाठात गुरूच्या जागी बसेल.

पाचवी गोष्ट आचरणाची. वानराला दगड मारू नये आणि खाऊही देऊ नये, हे दोन्ही नियम एकदमच शिकवावेत. पहिला नियम मुलांना सहज पटतो. दुसरा पटविण्यासाठी कारण सांगावे लागेल. ते आपण आता पाहिलेच आहे.

शेवटी एवढेच सांगतो. बोर्निओचे अरण्य हिमायतनगरच्या शाळेतून वाचविता येणार नाही. त्यासाठी त्या देशांनी व मोठ्या बाजारपेठांनी आपले कर्तव्य करावयास हवे. परंतु जगातील प्रत्येक अरण्याला कोठे तरी कडा असते, त्या कडेला गाव असते आणि त्या गावात शाळा असते. तांजुंग पुटिंगच्या कडेला आहे, होलोंगापारच्या कडेला आहे, तशी ती पैनगंगेच्या काठीही आहे. अरण्य आतून क्वचितच संपते. ते कडेपासून संपत जाते. तेव्हा कडेवर बसलेल्या मुलांच्या मनात काय आहे, यावर पुष्कळ काही अवलंबून आहे. आणि ते मन घडविण्याचे काम शासनाने, समाजाने व परंपरेने आपल्या हाती सोपविलेले आहे.